सातची अट, सहाचा निकाल आणि शुक्रवारचं विमान

"ताई, ऑफर लेटरमध्ये मॅथ्सला ७ हवेत असं लिहिलंय. ६ आले तर घेणारच नाहीत का? आणि रिझल्टच्या दुसऱ्याच दिवशी आमचं मुंबईचं विमान आहे, गणपतीला गावी जायचंय. तिकिटं रद्द करू का?"

जीसीएसईचे, म्हणजे इथल्या दहावीचे, पेपर संपले की जूनअखेरीस मला असे फोन सुरू होतात. तिचा निकाल ९ पर्यंतच्या ग्रेडमध्ये लागतो, आणि सिक्स्थ फॉर्म म्हणजे इथली अकरावी-बारावी, तिथल्या प्रवेशाच्या ऑफर या ग्रेडवर अवलंबून असतात. मी लंडनच्या पश्चिमेला शाळांमधून करिअर समुपदेशनाचं काम करते. हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच आहेत, आणि शाळेत विचारायला जीभ रेटत नाही असे प्रश्न माझ्याकडे मराठीतून येतात. हा फोन २०२५ मधला. बाई रत्नागिरीकडच्या, नवरा पुण्याचा, आयटीत. मुलाला इथे नील म्हणते, खरं नाव वेगळं. बाकी तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदललेत आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

त्या वर्षी तारखाच अशा आल्या होत्या की गणपतीला गावी जाणाऱ्यांची पंचाईत व्हावी. जीसीएसईचा निकाल गुरुवारी, २१ ऑगस्टला. सोमवारी २५ ला बँक हॉलिडे. बुधवारी २७ ला चतुर्थी. म्हणजे निकालाचा दिवस धरून कामाचे दिवस तीनच, आणि बहुतेक ठिकाणचं एनरोलमेंट, म्हणजे जागा पक्की करायची नोंदणी, नेमकं त्यातच.

पहिल्या भेटीत वडीलच जास्त बोलले. त्यांच्या भाच्याचं तेव्हा पुण्यात अकरावीचं चाललं होतं: ऑनलाइन अर्ज, पसंतीक्रम, पहिली फेरी, कट-ऑफ. तेच डोक्यात घेऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, यंदा हुशार मुलं जास्त निघाली तर या सातचे आठ होतील का?"

नाही होत. कट-ऑफ ठरतो इतरांच्या गुणांवरून, तोही नंतर. कंडिशनल ऑफरमध्ये शाळेने आधीच सांगून ठेवलेलं असतं की एवढे ग्रेड आणलेस तर जागा तुझी. शेजारच्या मुलाला नऊच्या नऊ विषयांत ९ मिळाले म्हणून नीलची अट वाढत नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांच्या सिक्स्थ फॉर्मला प्रवेशाची संहिता लागू असते. अभ्यासाच्या अटी आधी जाहीर कराव्या लागतात आणि त्या शाळेतल्या व बाहेरच्या मुलांना सारख्याच असाव्या लागतात. त्यामुळे "आपल्याच शाळेत तर घेतीलच" हा आपल्याकडचा ठाम समज फार धोक्याचा. पाच वर्षं त्याच शाळेत काढलेल्या मुलालाही अट चुकते. स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजं या संहितेत येत नाहीत, त्यांचे नियम त्यांचे.

मग मी त्या शाळेचं पत्र मागितलं. शाळा नावाजलेली होती. आईने पिवळ्या मार्करने फक्त ७ चा आकडा रंगवला होता. पत्र मात्र दोन पानांचं होतं आणि अटीही दोन थरांच्या होत्या. पहिली सर्वसाधारण: किमान सहा विषयांत ५ किंवा जास्त, त्यांत इंग्रजी आणि मॅथ्स हवंच. दुसरी विषयवार: ए लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांत, मॅथ्स घ्यायचं तर ७, फर्दर मॅथ्स घ्यायचं तर ८. पहिली चुकली तर जागा जाते. दुसरी चुकली तर जागा राहते, विषय जातो. पहिली अट नीलने सहज पार केली असती. तेव्हा "घेणारच नाहीत का" याचं उत्तर होतं: घेतील, पण कदाचित मॅथ्सला नाही. पोराला कॉम्प्युटर सायन्सची पदवी करायची होती, त्यामुळे या उत्तराने आईला हायसं वाटायच्या ऐवजी ती जास्तच गप्प झाली.

नीलकडे आणखी एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजची ऑफर होती, तिला कुणी उत्तरच दिलं नव्हतं. वडील म्हणाले, "एका ठिकाणी हो म्हटलंय. दोन ठिकाणी हो म्हणणं म्हणजे फसवणूक नाही का?" आपल्या मध्यमवर्गीय घरांतला हा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण इथे तो अंगाशी येतो. विद्यापीठाच्या प्रवेशाला यूकॅस आहे, तिथे एक पक्की आणि एक राखीव अशा दोनच ऑफर धरता येतात. सिक्स्थ फॉर्मला अशी देशभराची एक यंत्रणा नाही. मुलांनी दोन-तीन ऑफर धरून ठेवल्या आहेत हे प्रत्येक कॉलेजला ठाऊक असतं आणि ते त्या हिशेबानेच ऑफर देतात. सभ्यपणा करायचा तो नंतर: एका ठिकाणी नाव नोंदवलं की दुसरीकडे त्याच दिवशी ईमेल करून जागा सोडायची, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी ती मिळते. नीलने त्या कॉलेजला स्वतः ईमेल लिहिला. मुदत उलटून गेली होती, पण जागा अजून आहे असं उत्तर आलं. नेहमी येतंच असं नाही.

जुलैत मी त्याला एकट्याला भेटले. आई-बाबांना कॉफी प्यायला बाहेर पाठवलं. पाचेक मिनिटं क्रिकेटवर गेली आणि मग तो खाली बघत म्हणाला, "काकू, मॅथ्सचा पेपर टू गेला." हे त्याला पेपर दिला त्या दिवसापासून माहीत होतं. घरी रोज जेवताना साताचा जप चालायचा, त्यात हे कसं सांगणार? मी विचारलं, ६ आले असं धरून चालू. ती नावाजलेली शाळा हवी की मॅथ्स हवं? त्याने एका सेकंदात सांगितलं, "मॅथ्स. शाळा बाबांना हवीय."

समुपदेशनातलं खरं काम इथेच झालं. बाकीचा सगळा कागदोपत्री व्यवहार.

त्या दिवशी आम्ही दोघांनी एनरोलमेंटच्या टेबलापाशी काय बोलायचं ते लिहून काढलं. मला मॅथ्सला इतके मिळाले, सातला इतके कमी पडले. मला कॉम्प्युटर सायन्स करायचंय म्हणून मॅथ्स घ्यायचंच आहे. त्यासाठी ब्रिजिंगचं काम (मधली दरी भरून काढायचा जादा अभ्यास), टेस्ट, जे असेल ते करायला तयार आहे. एवढंच. आणि हे तो बोलेल, वडील नाहीत. टेबलापलीकडच्या शिक्षकाला पुढची दोन वर्षं ज्याला शिकवायचंय त्याचं ऐकायचं असतं. पालक बोलू लागले की शिक्षक नम्रपणे मान डोलावतात आणि पानावरची अट पुन्हा वाचून दाखवतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता वडिलांना आधीच सांगून टाकते: तुम्ही यायचं, मागे उभं राहायचं.

राहिली तिकिटं. निकालाचा कागद दुसऱ्या कुणी घ्यायचा तर मुलाने लेखी परवानगी द्यावी लागते, ते सोपं. एनरोलमेंटला मात्र बहुतेक ठिकाणी मुलगाच समोर लागतो. म्हणून जुलैतच दोन्ही ठिकाणी लेखी विचारायला लावलं की यायलाच हवं का आणि कधीपर्यंत. दोघांचीही उत्तरं आली: प्रत्यक्ष या, शुक्रवार संध्याकाळपर्यंत, नाहीतर जागा प्रतीक्षायादीला जाईल. मग वाद उरला नाही. आई आणि धाकटी ठरल्याप्रमाणे शुक्रवारी निघाल्या. बाप-लेकांची तिकिटं सोमवार रात्रीची करून घेतली, फरकाचे पैसे चांगलेच गेले. गावाहून आजींचा फोन आला, "तिकडच्या शाळेला गणपती नाहीत का रे?"

निकाल लागला. कॉम्प्युटर सायन्स ८, फिजिक्स ७, केमिस्ट्री ७, इंग्रजी ६, मॅथ्स ६. वडिलांनी घरच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर आजींनी विचारलं, "सहा? दहापैकी?" इथे ९ सर्वांत वर, ४ ला पास आणि ५ ला चांगला पास म्हणतात, टक्के नसतातच, हे त्यांना समजावण्यात वडिलांची सकाळ गेली.

नीलने शाळेच्या परीक्षा विभागाकडून गुण काढून घेतले. सातच्या रेषेला तीन गुण कमी. नावाजलेल्या शाळेत तो आपली वाक्यं बोलला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की जागा आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स घेता येईल, मॅथ्स नाही. अट सगळ्यांना एकच. रीतसर आणि बरोबर उत्तर होतं ते. वडिलांनी बाहेर येऊन मला फोन लावला. "मॅडम, एवढी चांगली शाळा मिळतेय. मॅथ्स नसलं तर काय बिघडलं?"

मी त्यांना स्पष्टच सांगितलं. केंब्रिज, इंपीरियल, यूसीएल ही विद्यापीठं ए लेव्हलच्या मॅथ्सशिवाय कॉम्प्युटर सायन्सला घेत नाहीत, आणि इतरही बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. शाळेचं नाव कितीही मोठं असलं तरी नसलेला विषय ते भरून काढत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात सांगायला ते नाव बरं दिसेल, दोन वर्षांनी अर्ज भरताना मुलगा अडकेल.

पण ६ वर मॅथ्स घ्यावं का, हा प्रश्नही तितकाच खरा होता. सातची अट शाळा हौसेने घालत नाहीत. बीजगणित कच्चं ठेवूनही जीसीएसईला ६ मिळवता येतात, आणि ए लेव्हलला पहिल्या महिन्यातच बीजगणित गळ्याशी येतं. म्हणून मी प्रश्नवार गुण बघायला मागितले. नीलचे गुण गेले होते पेपर टूमधल्या भूमितीच्या आणि संभाव्यतेच्या प्रश्नांत, शेवटचे दोन तर वेळेअभावी कोरेच. बीजगणित जवळपास सगळं बरोबर. ते उलटं असतं तर मी त्याला मॅथ्सचा आग्रह सोडायला सांगितलं असतं, आणि तेही जुलैत बोलून झालं होतं.

दुपारी ते कॉलेजात गेले. तिथे मॅथ्सला ६ चालत होते, पण उन्हाळ्यात सोडवायची वही आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बीजगणिताची टेस्ट, त्यात नापास झालं तर विषय बदलायचा. नील तिथल्या तिथे हो म्हणाला. नोंदणीच्या टेबलावर एक गंमत झाली. व्हिसाचं कार्ड जाऊन आता ईव्हिसा आलाय, त्यामुळे राहण्याचा हक्क दाखवायला शेअर कोड लागतो. वडिलांनी तो मे महिन्यातच काढून, छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावला होता. तो ९० दिवसच चालतो. मागची रांग उसासे टाकत असताना नीलने मोबाइलवर नवा काढला. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, निकालाचा मूळ कागद आणि ऑगस्टमधला ताजा शेअर कोड, एवढं जवळ ठेवाच. शुक्रवारी सकाळी नीलने त्या नावाजलेल्या शाळेला आभाराचा ईमेल पाठवून जागा सोडली.

आई विमानतळावरून विचारत होती, कुठेच जमलं नसतं तर वर्ष वाया गेलं असतं का? इंग्लंडमध्ये अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाने शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणं कायद्याने आवश्यक आहे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सप्टेंबरअखेरपर्यंत एखादी योग्य जागा देऊ करणं हे स्थानिक कौन्सिलचं काम आहे. निकालाच्या आठवड्यात जागा रिकाम्याही होत असतात, फोन करत राहायचं. मॅथ्स किंवा इंग्रजीत ४ सुद्धा मिळाले नाहीत तरी दारं बंद होत नाहीत. दुसरा कोर्स घेऊन त्याबरोबर तो विषय पुढे चालू ठेवावा लागतो, आणि या दोन विषयांची फेरपरीक्षा नोव्हेंबरातच असते. शाळेच्या सिक्स्थ फॉर्मने जागाच नाकारली तर स्वतंत्र समितीपुढे अपील करता येतं, पण निकालानंतर शाळेचे ३० दिवस भरेपर्यंत ती सुनावणी लांबू शकते, तोवर ऑक्टोबर उजाडतो. अपील करा, पण दुसरीकडे वर्गात बसून करा. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये परीक्षाच वेगळी.

पेपर पुन्हा तपासून घ्यायचा हट्ट वडिलांनी सोडला नाही, आणि त्यात गैर काही नव्हतं. तो अर्ज मुलाला परस्पर करता येत नाही, शाळेमार्फत जातो. मुलाची लेखी संमती लागते, कारण गुण कमीही होऊ शकतात. नील सातच्या रेषेखाली अगदी जवळ आणि सहाच्या रेषेच्या बराच वर होता, म्हणून घसरण्याची भीती नव्हती. सहाच्या काठावरच्या मुलाला मी हा सल्ला देताना दहादा विचार करते. तपासनीस नव्याने गुण देत नाही, आधीच्या तपासणीत चूक आहे का तेवढंच बघतो. ग्रेड बदलली तर पैसे परत मिळतात.

सप्टेंबरच्या मध्याला उत्तर आलं: एक गुण वाढला. ग्रेड तीच, पैसे गेले. वडिलांचा फोन आला की आता बोर्डाकडे अपील करायचं म्हणतोय, तुमचं काय मत? मी काही बोलायच्या आत मागून नीलचा आवाज आला, "बाबा, नको ना. टेस्ट पास झालोय मी. उद्या मेकॅनिक्सचा होमवर्क द्यायचाय, लॅपटॉप द्या."