जेनेटिक्स शिकण्यासाठी गणित किती लागते, आणि खेड्यातून आलेल्या विद्यार्थिनीने हा विषय घ्यावा का?

आपण वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यातून बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला आहात, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, अकरावीलाच गणित सोडले होते आणि आता जेनेटिक्स, म्हणजे आनुवंशिकी, शिकण्याची इच्छा आहे. हे झेपेल का, त्यात प्रत्यक्ष काय शिकवतात आणि विदर्भात त्याचा काही उपयोग आहे का, असे आपण विचारले आहे. मी बी.एस्सी. कृषी झाल्यावर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून आनुवंशिकी व वनस्पती प्रजनन या विषयात एम.एस्सी. केली आणि सध्या कापसाच्या बीजोत्पादनाचे काम पाहते, त्यामुळे माझे उत्तर बरेचसे कापसाच्या अंगाने जाईल.

विषय अवश्य घ्यावा. मात्र गणितापासून सुटका होईल या आशेने घेऊ नये. जीवशास्त्र म्हणजे आकृत्या आणि पाठांतर, अशी समजूत घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिल्याच सत्रात पंचाईत होते, कारण हे शास्त्र उभे राहिले ते मोजणीवर. मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत दुसऱ्या पिढीतील ७,३२४ दाणे मोजले आणि त्यांपैकी ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले निघाले, अशा मोजणीच्या आधारावर त्याने तीनास एक हे प्रमाण मांडले. डीएनएची रचना कळायला त्यानंतर १९५३ साल उजाडावे लागले. म्हणजे आत काय आहे हे दिसत नसताना केवळ बाहेरच्या मोजणीवरून आतले नियम ताडता येतात, हाच या विषयाचा गाभा आहे, आणि तो ज्याला आवडला त्याला पुढचे सारे जमते. लागणारे गणित म्हणाल तर संभाव्यता, गुणोत्तर, सरासरी, विचरण, सहसंबंध आणि काय-वर्ग (chi-square) चाचणी. ही चाचणी आपण मोजलेले आकडे अपेक्षित प्रमाणापासून किती ढळले आहेत आणि तेवढे ढळणे निव्वळ योगायोगाने होऊ शकते का, ते सांगते. कॅल्क्युलस मला बी.एस्सी.लाही फारसे लागले नाही आणि एम.एस्सी.लाही नाही.

हे गणित आपल्या शिवारात कुठे भेटते ते पाहू. भारतात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा त्यात क्राय१एसी हे एक जनुक होते. २००६ पासून क्राय२एबी हे दुसरे जनुक असलेले वाण आले. आपल्याकडील बीटी वाण बहुतांशी संकरित आहेत आणि त्यांत ही जनुके साधारणतः एकाच पालकाकडून आलेली असतात. त्यामुळे शेतात उभ्या असलेल्या पऱ्हाटीच्या पानापानांत विष असते, पण तिच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असते, आणि त्या पिढीत जनुकांची वाटणी नव्याने होते. फूल स्वतःच्याच परागाने फळले तर एखाद्या सरकीला एक विशिष्ट जनुक अजिबात न मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश, आणि दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वाटली जात असल्याने दोन्ही न मिळण्याची शक्यता एक सोळांश. बोंडात ३२ सरक्या आहेत असे धरले तर सरासरीने १८ सरक्यांत दोन्ही विषे, ६ मध्ये फक्त एक, ६ मध्ये फक्त दुसरे आणि २ मध्ये एकही नाही, असा हिशेब निघतो. पुस्तकात नऊ-तीन-तीन-एक म्हणून जे प्रमाण घोकतात, ते हेच.

आता गुलाबी बोंडअळी पानावर राहत नाही. ती बोंडात शिरते आणि सरकी खाते. एकाच बोंडात विषारी, कमी विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी शेजारी मिळाल्यामुळे थोडीफार सहनशक्ती असलेल्या अळ्या जगून निघतात व त्यांचीच प्रजा वाढते, असे कापसाच्या शास्त्रज्ञांनी मांडले आहे. हे एकच कारण नव्हे. अळीत सहनशक्ती पसरू नये म्हणून त्या काळी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत वेगळे दिले जाणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे बांधाच्या कडेने न लावणे, लांब मुदतीचे वाण घेणे आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड (मुख्य वेचणीनंतरही उभे राखलेले पीक) ठेवून अळीला बाराही महिने घर करून देणे, हीदेखील कारणे आहेतच. विदर्भातील शेतकऱ्याने २०१७ च्या हंगामात याचे परिणाम भोगले. मेंडेलचा नियम इतक्या जवळून, आपल्या पायाखालच्या जमिनीत दिसत असताना तो परदेशी मठातल्या वाटाण्यापुरताच शिकवला जातो, याची मला नेहमी चुटपुट लागते.

प्रत्यक्ष कामाविषयी. एम.एस्सी.च्या प्रबंधात बहुतेकांना संकर करावे लागतात, म्हणजे ज्याला शेतावर सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात ते. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी ओळखायची. तिची फिकट पिवळी पाकळी तीन हिरव्या पात्यांच्या वर डोकावू लागलेली असते. दुपारनंतर अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि त्यांना चिकटलेली पुंकेसरांची नळी बुडापासून चिरून, गोल फिरवून अलगद उचलायची. आत हिरवा बीजांडकोश आणि त्यावर उभी कुक्षी तेवढी उरते. नख जरा खोल गेले की ते बोंड धरत नाही, आणि एखादा परागकोश राहून गेला की संकराऐवजी मादीचेच बी हाती येते. उघड्या कुक्षीवर स्ट्रॉचा तुकडा बसवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान नराचे फूल तोडून त्याचा पराग तिच्यावर फिरवायचा, मग देठाला दोरा आणि चिठ्ठी बांधायची. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर हेच काम गावातील महिला मजूर माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने आणि सफाईने करतात. विद्यार्थी म्हणून मी हात बसवला तो त्यांच्या शेजारी उभे राहूनच.

संकर केले म्हणजे प्रबंध झाला असे नाही. पहिल्या खरिपात संकर, दुसऱ्या खरिपात त्यांची पालकांसोबत लावणी, प्रत्येक ओळीतील निवडक झाडांची उंची, फळफांद्या, बोंडांची संख्या, बोंडाचे वजन, रुईचा उतारा आणि धाग्याची लांबी अशा नोंदी, आणि त्यानंतर संगणकावर विश्लेषण, असा हा क्रम असतो. पाऊस ऐन फुलोऱ्यात लागून बसला तर पराग भिजतो आणि वेळापत्रक कोलमडते. कोणताही मार्गदर्शक त्याला काही करू शकत नाही. प्रयोगशाळेत बसून जनुके कापण्याचे चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर असते त्यांना या शाखेत नोंदवही आणि चिखल यांचाच सहवास अधिक लाभतो, हे आधी सांगितलेले बरे. पेशीआनुवंशिकीच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या अभ्यासाच्या, तासांना मात्र सूक्ष्मदर्शकाखाली वेळ जातो आणि माझ्या मते तो सर्वांत रंजक भाग आहे. आपल्या देशी कापसात २६ गुणसूत्रे असतात व अमेरिकन कापसात ५२. दोहोंचा संकर साधलाच तर त्यात ३९ येतात, त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि झाड वांझ राहते. देशी कापसाचा कणखरपणा अमेरिकन कापसात सरळ का आणता येत नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

शेतीकडे जायचे नसेल तर विदर्भात दुसरे मोठे क्षेत्र आहे ते सिकलसेलचे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत, या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे सहसा स्वतः आजारी नसलेले पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे लोक, मोठ्या संख्येने आहेत. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर द्यावा लागतो, कारण पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा अर्थ अनेक कुटुंबे लावतात. पहिल्या मुलाचा निकाल दुसऱ्याच्या गर्भधारणेला ठाऊक नसतो. शिवाय एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी अपत्याला गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून केवळ सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीवर न थांबता हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले व २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीचा कागद हातात पडल्यावर त्याचा अर्थ गोंडी, माडिया किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात न घाबरवता, न लाजवता समजावून सांगणारी माणसे लागतात, आणि त्या कामासाठी खेड्यातून आलेली, जेनेटिक्स शिकलेली मुलगी शहरातल्या पदवीधरापेक्षा अधिक उपयोगी ठरेल असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मार्ग थोडक्यात सांगते. वनस्पतींकडे जायचे असल्यास बी.एस्सी. कृषी, त्यानंतर राज्यातील कृषी विद्यापीठांच्या सामायिक परीक्षेतून एम.एस्सी. मानवी किंवा रेण्वीय आनुवंशिकीकडे जायचे असल्यास वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. आणि मग नागपूर विद्यापीठातील रेण्वीय जीवशास्त्र व जनुकीय अभियांत्रिकी, अथवा दिल्ली विद्यापीठ किंवा हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथील जेनेटिक्सचा विभाग. नोकऱ्या जालना आणि हैदराबाद येथील बियाणे कंपन्यांत, रोगनिदान प्रयोगशाळांत आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयांत मिळतात, केवळ बी.एस्सी.वर थांबल्यास या विषयाचे म्हणून फारसे काही मिळत नाही, त्यामुळे घरी पाच-सहा वर्षांच्या शिक्षणाची बोलणी आजच करून ठेवावीत.

इंग्रजीची धास्ती नको. ॲलील, लोकस, हेटेरोझायगस हे शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकेच नवे असतात. फक्त उत्तरे लिहिण्याचा सराव पहिल्या सत्रापासून ठेवावा लागेल. बी.एस्सी. कृषीसाठी एमएचटी-सीईटीचा जीवशास्त्र गट चालतो, त्यामुळे गणित सोडल्याने प्रवेश अडत नाही. घरी शेती असेल तर सातबाऱ्याच्या आधारे जादा गुणभार मिळतो. तो उतारा, जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र सीईटीच्या निकालाची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवावे, कारण निकालानंतर तहसीलच्या सेतू केंद्रावर उभे राहायलाही जागा नसते.