पेन किटमधली रिंग, क्लिप आणि वरची गुंडी आपल्या मनासारखी कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की स्लिमलाइनची, म्हणजे फिरवून टोक बाहेर काढायच्या बारीक बॉलपेनच्या तयार धातूच्या भागांची, किटं मागवता, सागवानाचे आणि शिसवाचे पेन खरादता, पण मधली रिंग, क्लिप आणि वरची गुंडी सगळ्यांच्या पेनांना सारखीच असते, म्हणून पेन आपला वाटत नाही. आणि शेवटी विचारलंय की जळगावच्या सराफ बाजारात देऊन या भागांना सोन्याचा मुलामा देता येईल का. मी भुसावळचा. लेथवरचं काम पोटापाण्याचं आणि पेन आवडीचे. या दोन्हींतून जे कळलंय ते सांगतो.

भाऊ, आधी मुलाम्याचंच. क्रोम असलेल्या भागावर मुलामा देऊ नका. क्रोमवर हवेने एक पातळ थर कायम धरलेला असतो आणि त्यावर सोनं नीट पकडत नाही. क्रोम काढायचं म्हणजे आम्लाचं काम, ते घरी करण्यासारखं नाही. शिवाय अशा मुलाम्याचा थर सहसा मायक्रॉनच्या काही अंशांचाच असतो. पेन तर रोज बोटांत, घामात आणि खिशात घासला जातो. किटंसुद्धा बघा, स्वस्त २४ कॅरेटवाल्यांचं सोनं सगळ्यात लवकर झिजतं आणि खालचं पितळ दिसतं. ज्यांना टायटॅनियम गोल्ड म्हणतात ती, आणि ऱ्होडियमवाली, वर्षानुवर्षं तशीच राहतात. सोनेरीच हवं असेल तर टायटॅनियमचं किट घ्या आणि सराफाकडे वेगळ्या कामासाठी जा. ते काम पुढे सांगतो.

आता मुख्य गोष्ट. स्लिमलाइनचे खालचा आणि वरचा असे दोन अर्धे असतात, दोन्हींच्या लाकडात पितळी नळी. निब (खालचं टोक) आणि फिरकी (रिफिल पुढे-मागे करणारा फिरता भाग) हे मापाचे भाग आहेत. फिरकी खालच्या नळीत किती खोल दाबली यावर रिफिलचं टोक किती बाहेर येणार ते ठरतं. या दोघांना हात लावू नका. मधली रिंग मात्र फिरकीवर नुसती ओवलेली असते, आणि गुंडी म्हणजे वरच्या नळीत दाबलेलं बूच, ज्याच्याखाली क्लिपची कडी अडकते. दोन्हींवर मोठा भार नाही, पण नजर आधी तिथेच जाते. म्हणून आपली कलाकुसर या दोन ठिकाणीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

रिंग रुंद केली तर टोक बाहेर येण्यात फरक पडत नाही. पण फिरकीचा जो भाग वरच्या नळीत शिरतो तो तेवढाच कमी होतो आणि पेनचा वरचा अर्धा भाग सैल पडतो. रिंग तीन मिलिमीटरच्या आसपास रुंद असेल तर सरळ फिरकीवर ओवा. त्याहून रुंद हवी असेल तर वरच्या भागाच्या खालच्या टोकाचं लाकूड तेवढंच काढून टाका, पितळी नळी उघडी करा आणि रिंग त्या नळीवर चिकटवा. तिचं भोक नळीच्या बाहेरच्या मापाचं, म्हणजे सात मिलिमीटरचं. फिरकीची पकड जशीच्या तशी राहते आणि पट्टा दहा मिलिमीटरचा केला तरी चालतो.

लाकडाची रिंग करायची असेल तर तिला आतून आधार लागतोच. एवढ्या पातळ रिंगेचं लाकूड उन्हाळ्यात तडकतं. नळी कापून उरलेला तुकडा टाकून देऊ नका, लाकडाला सात मिलिमीटरचं भोक पाडून तो आत इपॉक्सीने बसवा. असा तुकडा मँड्रेलवर, म्हणजे लेथवर पेनचे भाग ओवायच्या सळईवर, बेताने बसतो, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांच्या मधे त्याला ठेवून तिन्ही एकदम खरादता येतात. रेषा तुटत नाही, बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की बुशिंग, म्हणजे कुठवर खरादायचं ते दाखवणारी मँड्रेलवरची कडी, किटच्या मूळ रिंगेच्या मापाचं असतं, त्यामुळे मधल्या जागी बुशिंग काढून टाका आणि कॅलिपरने व्यास मोजत काम करा.

लाकूड कुठलं? आपल्याकडे आहे ते अंजन. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडे ते सगळ्यांना माहीत आहे. गाभा काळपट तांबडा, इतका जड की पाण्यात बुडतो, आणि पॉलिश केल्यावर शिंगासारखा चमकतो. हत्यार लवकर बोथट होतं, पण बारीक रिंगेला हवी ती घट्ट वीण त्यात आहे. तोडीव लाकडाच्या मागे जाऊ नका, जुन्या औताचे, गाडीचे तुकडे सुतारांकडे पडलेले असतात. बाभूळ आणि खैरही चांगले. सागवान मात्र रिंगेला नको, त्याचे रेषे मोठे आणि कड लगेच झडते.

केळीच्या खोडाचा धागा रेझिनमध्ये ओतून रिंग करावी, अशी कल्पना जळगावकडे कुणालाही सुचेल. धागा कडक वाळवला नाही तर बुडबुडे येतात, आणि रेझिन लागलं की त्याचा रंग गडद होतो. पण आठ-नऊ मिलिमीटरच्या रिंगेत तो दिसतच नाही. ते रेझिन पेनच्या मुख्य भागाला वापरा, तिथे शोभतं.

रिंगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ चकती घातली तर काम एकदम उठून दिसतं. त्यासाठी दूर जायला नको. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हायलम शीटचे, म्हणजे विजेच्या कामातल्या कडक रेझिनच्या पत्र्याचे, तुकडे मिळतात, तांबूस-तपकिरी, लेथवर कड धरून राहणारे. एसीच्या तांब्याच्या पाइपाचे तुकडे, पितळी सळई, सगळं चालतं. पितळ, अंजन, पितळ असा क्रम मला सगळ्यात आवडतो. हायलम घासताना मास्क लावा, ती धूळ वाईट. सळईच्या पितळात बहुधा शिसं मिसळलेलं असतं, म्हणून काम झाल्यावर हात धुवा.

पितळ जुनं दिसावं म्हणून अमोनियाच्या वाफेत ठेवायला सांगणारे बरेच भेटतील. दाबून बसवलेल्या भागाला ते करू नका. ताण असलेल्या पितळाला अमोनिया लागला की त्याला आपोआप तडे जातात. इंग्रजांच्या काळात इथल्या लष्कराने पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं अशीच तडकत होती, घोड्यांच्या मुताच्या वाफेने. पितळ उघडं ठेवा, हाताने आपोआप काळवंडतं, आणि ज्याला चमक हवी तो पितांबरीने घासेल.

आता सराफाचं काम. त्यांच्याकडून मुलामा नको, चांदीची रिंग करून घ्या. आतून सात, बाहेरून दहा आणि रुंदी तीन मिलिमीटर, तर चांदी साधारण सव्वा ग्रॅम लागते. मजुरीच जास्त लागेल, चांदी नव्हे. नंदुरबार-शहाद्याकडच्या सोनारांना पावरा आणि भिल्ल बायकांच्या हासळ्या आणि कड्यांचं काम माहीत असतं. दोन तारा पिळून दाबलेली नक्षी ते सहज करतात, आणि ती नक्षी पेनच्या मधे इतकी सुंदर दिसते की बाजारातली कुठलीही रिंग तिच्यापुढे फिकी. खाचांतला काळेपणा तसाच ठेवायला सांगा, पुसायला देऊ नका.

गुंडी बदलणं सोपं आहे. स्लिमलाइनमध्ये रिफिल बदलताना वरचा अर्धा भाग ओढून काढतात, गुंडी काढावी लागत नाही, त्यामुळे ती कायमची चिकटवली तरी अडचण नाही. नळीचं आतलं माप घ्या, तेवढ्या जाडीची आणि सहा-सात मिलिमीटर लांबीची दांडी ठेवून वरचा आकार खरादा. लाकडाची रेषा दांडीच्या लांबीतच हवी, आडवी असेल तर दांडी मोडणारच. डोक्याचा व्यास क्लिपच्या कडीच्या भोकापेक्षा मोठा हवा, नाहीतर क्लिप निसटेल. वर मधोमध दोन मिलिमीटरचं भोक पाडून चांदीच्या तारेचा तुकडा फेविक्विकने बसवला आणि सपाट घासला की एक टिकली तयार होते.

क्लिपला फारसं काही करू नका. वाकवली की तिचा ताण जातो. रंग हवा असेल तर एमआयडीसीतल्या पावडर कोटिंगवाल्याकडून करून घेता येतो. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, म्हणून क्लिप सुटीच द्या. थर ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, त्यामुळे कडीचं भोक झाकायला सांगा, नाहीतर गुंडी आत जाणार नाही.

एक गोष्ट आपल्या हवेची. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. लाखेचं पॉलिश तिथे मऊ पडतं, त्यावर बोटांचे ठसे उठतात. म्हणून लाख रिंगेवर हौसेने लावा, पण वापरायच्या पेनला फेविक्विकसारख्या पातळ गोंदाचं पॉलिशच टिकतं. लाकूड मार्च ते मे या कोरड्या दिवसांत खरादा. कोरडं खरादलेलं लाकूड पावसाळ्यात थोडं फुगतं, एवढंच. पावसाळ्यात खरादलेलं मात्र उन्हाळ्यात आकसतं आणि पितळी नळीवर तडकतं.

सराफाकडे जाताना पेन नेऊ नका, नळीचा कापलेला तुकडा न्या. रिंग त्या तुकड्यावर सैल न होता फिरली पाहिजे, एवढंच त्यांना सांगा. बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर जास्त ठेवून घ्या, बाकीचा लेथवर हलक्या हाताने तुम्हीच उतरवा.