सिग्नलजवळ क्लच दाबताच इंजिन बंद पडते

प्रश्न : सीएनजी किट बसवलेली माझी पाच गिअरची पेट्रोल गाडी ८२,००० किलोमीटर चालली आहे. मुलुंडहून पवईमार्गे अंधेरीला जाताना सिग्नल आला की मी क्लच दाबून गाडी न्यूट्रलला घेतो आणि ब्रेक लावतो. तेवढ्यात आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा ४००च्या खाली घसरतो व इंजिन बंद पडते. एसी चालू असताना हे अधिक वेळा घडते. एक मेकॅनिक आयडलिंगचा स्क्रू फिरवून देतो म्हणतो, तर दुसरा नवीन थ्रॉटल बॉडी घालायला सांगतो. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. आयडलिंगचा, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहण्याच्या वेगाचा, स्क्रू फिरवल्याने काटा वर येईल, पण मूळ दोष तसाच राहील. शिवाय त्या स्क्रूवर कारखान्यात ठरवलेली जागा एकदा हलली की पुढचे निदान अवघड होते. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग, बदलणे खर्चिक आहे आणि बहुतेक वेळा ती साफ केल्यानेच काम भागते.

आपण सांगितलेल्या क्षणातच बराच उलगडा आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की इंजिनला चाके फिरवत असतात आणि संगणक, म्हणजे ईसीयू, इंधन तोडतो. क्लच दाबताच चाकांचा आधार सुटतो, आरपीएम झपाट्याने उतरू लागतो आणि निमिषार्धात पुरेशी हवा व इंधन देऊन त्याला ७०० ते ९००च्या आसपास सावरणे ईसीयूवर येते. ही हवा थ्रॉटलच्या झडपेजवळील अरुंद फटीतून किंवा आयडल व्हॉल्व्हमधून जाते. तिथे काजळी साचली असेल तर हवा अपुरी पडते, आणि त्यात एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिन गुदमरते. म्हणून माझा पहिला संशय काजळीवर आहे.

तरीही पैसे खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी करता येण्याजोग्या काही चाचण्या कराव्यात. गाडी मोकळ्या, हवेशीर जागेत हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि इंजिन पूर्ण तापू द्यावे. थंड इंजिनाचा आरपीएम मुळातच जास्त असतो, त्यावरून काही ठरवू नये. आता नुसता ब्रेक दाबून काटा पाहावा. तो ठळकपणे हलला, किंवा ब्रेकजवळ हवेचा फुसफुस आवाज आला, तर दोष ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे ब्रेकवरील पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाच्या, गळतीत असू शकतो, आणि ही बाब आयडलिंगपेक्षा कितीतरी गंभीर आहे. मग आरपीएम ३,०००पर्यंत नेऊन पाय एकदम उचलावा. काटा खाली आपटून इंजिन बंद पडले, तर वर वर्णन केलेला बिघाड चाकांविनाच समोर येतो.

हीच चाचणी एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर करावी. मुंबईत दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या इतक्या असूनही हा सोपा उपाय फारसा कोणी करत नाही. फक्त सीएनजीवर इंजिन बंद पडत असेल तर रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर आणि किटचे ट्यूनिंग तपासावे. सीएनजी पेटवण्यासाठी ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे झिजलेले स्पार्क प्लगही आधी सीएनजीवरच उघडे पडतात. दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास असेल तर काजळी किंवा हवेची गळती याकडे वळावे.

गळतीसाठी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांना, जोडलेले रबरी पाइप नीट पाहावेत. आपल्याकडील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर हे पाइप आणि वायरी कुरतडतात. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारण्याची पद्धत मला धोकादायक वाटते. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती सापडते. ईसीयूतील आकडे वाचणारा स्कॅनर लावल्यावर पेट्रोलवरील फ्युएल ट्रिमही, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ वा घट करतो तेही, पाहायला सांगावे. तो आयडलिंगला २० टक्क्यांच्या आसपास अधिक असेल आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर बाहेरची हवा आत शिरत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

काजळीच निघाली तर थ्रॉटल बॉडी काढून साफ करून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू देऊ नये. ईसीयूने इतके दिवस काजळीनुसार झडप जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते, त्यामुळे सफाईनंतर काही गाड्यांचा आरपीएम १,५००वर अडकतो. त्यासाठी स्कॅनरने आयडल पुन्हा शिकवावे लागते. हे काम बिलाआधीच ठरवून घ्यावे.

दुरुस्ती होईपर्यंत उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला बूस्टरची मदत एखाद-दोन दाबांपुरतीच उरते, त्यानंतर पेडल कडक होते आणि स्टिअरिंगही जड होते. तेव्हा गाडी गिअरमध्येच ठेवून वेग कमी करावा, आणि थांबण्याच्या अगदी आधी क्लच दाबावा.