घरीच पुढच्या कॅम्बर प्लेट बसवता येतील का? (कोल्हापूर)

येतील (कॅम्बर प्लेट म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, म्हणजेच कॅम्बर, बदलायची प्लेट), पण स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) हाताशी असेल तरच. उद्यमनगरात सस्पेन्शनचंच काम करतो, त्यावरून सांगतोय. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला खांब) असेल तर प्लेट वरच्या माउंटच्या (स्ट्रट बॉडीला जिथे धरतो तो भाग) जागी बसते आणि त्यासाठी अख्खा स्ट्रट उतरवावा लागतो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड द्या. ब्रेकचा पाइप स्ट्रटवरून आधी सोडवा. स्प्रिंग दोन्ही बाजूंनी सारखी दाबत न्या. ती हाताने सैल फिरायला लागली की मगच मधला नट खोला. त्याआधी खोललात तर माउंट थेट तोंडावर येतो. दाबलेल्या स्प्रिंगचा नाद करायचा नाही! बाकी सगळं पान्याचं काम. प्लेट घेतानाच विचारा, कंपनीच्या स्प्रिंगला चालते की फक्त कॉइलओव्हरला (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअबचा सेट).

एक मात्र आहे: कॅम्बर बदलला की टो (वरून पाहिलं तर चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) पण बदलतो, म्हणून अलाइनमेंट लगेच मशीनवरच करून घ्या. आणि गाडी नुसती रंकाळा-राजारामपुरी फिरणार असेल तर कॅम्बर जास्त निगेटिव्ह (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) ठेवू नका, टायरची आतली कड खाल्ली जाते.