शाल-श्रीफळ कोणासाठी?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळातर्फे २५ नोव्हेंबरला लैंगिक अत्याचारविरोधी कार्यक्रम घ्यायचा आहे. सायंकाळी मेणबत्ती फेरी आणि नंतर सभा होईल. गेल्या वर्षी गावातील एका मुलीने अशा अत्याचाराची तक्रार धीराने दिली. खटला चालू आहे. सभेत तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असे बहुतेक सभासदांचे मत आहे. आई-वडिलांची हरकत नाही. आपला सल्ला काय?
— कार्यवाह, महिला मंडळ

उत्तर : सत्कार करू नका. पीडितेची ओळख पटेल असा मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मग ती निमंत्रणपत्रिका असो, सभेच्या बातमीतील छायाचित्र असो किंवा मोबाइलवर फिरणारी चित्रफीत. मुलगी सज्ञान असेल, तर लेखी संमती तिची स्वतःची लागते, आई-वडिलांची हरकत नसणे पुरेसे नाही. १८ वर्षांखालील असेल, तर हा विचारच सोडून द्या. शिवाय अख्खे मंडळ घरी येऊन विचारू लागले, तर ती ‘नको’ कोणत्या तोंडाने म्हणणार?

ओळख गुप्त ठेवण्याची ही तरतूद आली ती आपल्याच राज्यातील एका प्रकरणानंतर. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, आणि पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पण तोवर त्या मुलीचे नाव सर्वतोमुखी झाले होते. मी ते येथे लिहीत नाही.

तुमच्या सभेत अशीही एखादी बसलेली असेल, जिने अजून कोणालाच काही सांगितलेले नाही. कार्यक्रम तिला डोळ्यांपुढे ठेवून आखा. ‘अब्रू’, ‘आयुष्य उद्ध्वस्त’ हे शब्द फलकांवर नकोत. भाषणे कमी करून तळहाताएवढी चिठ्ठी छापा : सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार करायचेच असतात, त्यासाठी पोलिसांचा कागद मागता येत नाही, गर्भ राहू नये व एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठीची औषधे ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, अंगावरचे कपडे न धुता जपून ठेवावेत, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ‘मनोधैर्य’ योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, मदतीसाठी १८१ व ११२, मुलांसाठी १०९८. ही चिठ्ठी दारात वाटू नका, कारण कोणी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली की शेजारणीची नजर जाते. गठ्ठा स्वच्छतागृहात, कडीच्या आतल्या बाजूला ठेवा.

त्या मुलीला विचारायचेच असेल, तर तिच्या विश्वासातल्या एकीने एवढेच विचारावे, की पुढच्या तारखेला न्यायालयात सोबत हवी आहे का. ती ‘हो’ म्हणाली, तर मंडळातील दोघींनी तिच्याबरोबर सकाळची एसटी धरावी. साक्ष बंद दालनात होते, त्यामुळे या दोघींना बाहेर बाकावर बसून राहावे लागेल. डबा बरोबर असू द्या.