इलेक्ट्रिक स्कूटर, सबसिडी आणि लेकीचा हट्ट

ताई, नमस्कार.

तुमची लेक इथेच इंदूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून सॉफ्टवेअर कंपनीत जाण्यापेक्षा सिम्युलेशन मॉडेल करून नवं तंत्रज्ञान आणि सरकारी धोरण यांचा अभ्यास करायचा, असा तिचा हट्ट आहे. हे काम असतं तरी काय आणि त्यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी काम सांगते. केंद्राच्या फेम-2 योजनेत इलेक्ट्रिक दुचाकीला बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे 15,000 रुपये सबसिडी मिळायची, गाडीच्या कारखाना-किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. जून 2023 पासून ती 10,000 रुपये आणि 15 टक्के झाली. मेमध्ये लोकांनी घाईघाईने गाड्या घेतल्या, आणि जूनमध्ये देशभरातली नोंदणी मेच्या निम्म्याहूनही खाली आली. ही घसरण गाडी महागल्यामुळे किती, आणि जूनचं गिऱ्हाईक मेमध्येच येऊन गेल्यामुळे किती? नुसत्या आलेखावरून ते सांगता येत नाही. म्हणून संगणकात हजारो काल्पनिक गिऱ्हाइकं उभी करतात. कुणाचा रोजचा फेरा राऊहून विजयनगरपर्यंत, कुणाच्या घरी चार्जिंगची सोय नाही, कुणाला शेजाऱ्याने घेतल्याशिवाय धीर होत नाही. प्रत्येकाला निर्णयाचे नियम द्यायचे आणि मग सबसिडी कधी हळूहळू, कधी एकदम, कधी आधी जाहीर करून कमी करून बघायची. हा प्रयोग खऱ्या माणसांवर पुन्हा पुन्हा करता येत नाही, इथे येतो.

हे खूळ कालचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकातच सिस्टिम डायनॅमिक्सचा पाया घातला, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवर आणि तिचा परत पहिलीवर होणारा परिणाम समीकरणांत मांडायची पद्धत. काही जण आपणहून नवी वस्तू घेतात, बाकीचे त्यांचं बघून, हे मार्केटिंगचे अभ्यासक फ्रँक बास यांनी 1969 साली गणितात बसवलं.

मॉडेल भविष्य सांगतं, असं मात्र लेकीला वाटू देऊ नका. सबसिडी दिली की गाड्या खपतील, असं कुणीही म्हणतं. मॉडेल करणाऱ्याला किती, कुणाला आणि का, हे आकड्यांत लिहावं लागतं, आणि मग दुसऱ्याला त्यातली चूक दाखवता येते. मला या कामाचं मोल वाटतं ते यासाठी.

आता पोटाचं. कॅम्पसला या कामासाठी कंपन्यांची रांग लागत नाही, आणि सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या चांगल्या पॅकेजहून कमी असू शकतो. पण कामाच्या जागा खऱ्या आहेत. बेंगळुरूच्या सीस्टेप संस्थेने भारताच्या ऊर्जा आणि विकासासाठी 'सफारी' नावाचं सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल केलंय, दिल्लीची सीईईडब्ल्यू ही संशोधन संस्था ऊर्जा धोरणावर काम करते. वाट बहुधा पदव्युत्तर शिक्षणातून जाते. आयआयटी मुंबई आणि आयआयटी दिल्ली, दोन्हीकडे सार्वजनिक धोरणाचा विभाग आहे. प्रवेशाच्या अटी त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, कोचिंगवाल्याच्या पत्रकात नको.

निर्णयाची घाई करू नका. या सुट्टीत तिला एक काम द्या. सरकारच्या वाहन पोर्टलवर आरटीओनुसार नोंदणीचे आकडे आहेत. इंदूरच्या इलेक्ट्रिक दुचाकींचे एप्रिल 2023 पर्यंतचे आकडे घेऊन नेटलोगोमध्ये छोटं मॉडेल करू दे. नेटलोगो हे अशी काल्पनिक गिऱ्हाइकं उभी करायचं सॉफ्टवेअर आहे, ते फुकट मिळतं. पुढच्या महिन्यांचे आकडे झाकून ठेवायचे आणि मॉडेल मे-जूनबद्दल काय म्हणतं ते मग ताडून बघायचं. त्याआधी दोन-तीन शोरूममध्ये जाऊन माणसांशी बोलायचं, कारण गिऱ्हाईक का थांबलं हे पोर्टलवर लिहिलेलं नसतं.

आकडे जुळले नाहीत तर ती वैतागून लॅपटॉप मिटते की का चुकलं ते शोधत बसते, हे बघा. शोधत बसली तर तिला या वाटेने जाऊ द्या, असं मी मनापासून सांगेन. तोवर कुठल्याही महागड्या ऑनलाइन कोर्सचे पैसे भरू नका, आणि कॅम्पसच्या मुलाखतीही तिला देऊ द्या.