आधी रात्रीचं विचार

मुली,

तुझी मेल वाचली. तुझ्याकडे थेरपीला येणाऱ्या बाळंतिणीच्या सासूबाई दार ढकलून आत आल्या आणि 'तुला स्वतःला मूल आहे का?' असं विचारलं, तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं, हे तू तीन वेळा लिहिलं आहेस. बाळंतिणीला दिलेली विचारांची डायरी दर आठवड्याला कोरी परत येते, हे मात्र एकदाच आणि तेही जाता जाता. शेवटी विचारलंस की आई-बाळ थेरपीचा तो चाळीस हजारांचा ऑनलाइन कोर्स करू का.

कोर्सचं नंतर. मला आधी सांग, त्या घरात रात्री कोण उठतं?

तुझ्या मेलमध्ये तिचं बालपण आहे, आईशी न जमणं आहे, सिझेरियन आहे, सुटी संपत आल्याची काळजी आहे. रात्रीचं अवाक्षर नाही. दोन महिन्यांचं बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं. दूध, ढेकर, लंगोट, पुन्हा जोजवणं एवढं धरलं तर तिला सलग दोन तास मिळाले तरी खूप झालं. अशा बाईच्या हातात तू 'मनात आलेला विचार, त्याला पुरावा, पर्यायी विचार' असा तीन रकान्यांचा कागद देतेस आणि कोरा आला की त्याला 'रेझिस्टन्स', म्हणजे उपचाराला मनातून विरोध, म्हणतेस. अगं, बाई दमलीय.

आधी रात्रीचं विचार. हे मी इतकी वर्षं बोलत आले की आमच्या प्रसूती विभागात मला 'झोपेच्या बाई' म्हणायचे. एका डॉक्टरांनी तर ऐकवलं होतं, मनाचा आजार आणि जागरण यांतला फरक कळायला शिकावं लागतं. फरक कळतो म्हणूनच विचारते! या एका प्रश्नाला तीन तऱ्हेची उत्तरं येतात. एक, झोपायलाच मिळत नाही. मग तुझं काम घराशी आहे. दुसरं, बाळ झोपलंय, तिची आई सांभाळायला आहे, दार लावलंय, तरी डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागला की दचकून जाग येते, बाळाचा श्वास चालू आहे ना म्हणून. इथे तुझी थेरपी लागेल, कदाचित मानसोपचारतज्ज्ञही. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं आहेत, तेव्हा 'दूध सुटल्यावर बघू' असं कुणाला म्हणू देऊ नकोस. तिसरं उत्तर ऐकलंस की हातातलं सगळं टाक. दोन-तीन रात्री झोप नाही पण थकवाही नाही, अखंड बोलणं, बाळाबद्दल काहीतरी भलतंच. हे हजारात एक-दोघींना होतं, बहुधा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, आणि घरचे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात मोलाचे दिवस घालवतात. तिला त्याच दिवशी मानसोपचार विभागात न्यायचं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसोपचाराच्या मोठ्या सरकारी संस्थेत आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करून घेतात. अशी सोय आपल्याकडे गावोगाव हवी होती.

आता नवरा. 'मी मदत करतो' असं तो म्हणेल, आणि त्याला ते मनापासून खरं वाटत असेल. वाद घालू नकोस. त्याला विचार, रात्री ओले लंगोट टाकायची बादली कुठे असते? असाच एक जण माझ्यासमोर बसला होता, सुशिक्षित, बायकोवर जीव असलेला. बराच वेळ आठवत राहिला, मग बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, 'मोरीत. दाराच्या मागे.' मी लसीकरणाच्या कार्डाच्या पाठीमागेच रात्री नऊ ते सकाळी सहाचे तास लिहिले आणि प्रत्येकापुढे कोण जागं होतं त्याचं नाव घालायला सांगितलं. त्याने स्वतःच्या हाताने बायकोचं नाव खालपर्यंत लिहीत नेलं. पुढे मला फारसं बोलावं लागलं नाही.

'दूध तर तिलाच पाजावं लागतं ना?' हा ठरलेला प्रश्न येईल. पाजणं तिचं, बाळ उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा निजवणं त्याचं. पाजणं नीट बसल्यावर, बालरोगतज्ज्ञांना विचारून, काढून ठेवलेलं दूध एका वेळेला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजलं तर तिला सलग चार-पाच तास मिळतात. रजा नाही म्हणेल, तेही खोटं नाही. बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे मिळतात. बापाला केंद्र सरकारची नोकरी असेल तर १५ दिवस, आणि खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. पण रात्र कचेरीची नसते, हे त्याला माझ्या नावाने सांग.

सासूबाईंना बाहेर बसवायचं तू ठरवलं आहेस. पहिली दहा मिनिटं बसू दे. 'मूल आहे का?' याला 'नाही' एवढंच उत्तर दे, पुढे सफाई देत बसू नकोस. मग त्यांना विचार, तुमच्या वेळी रात्री कोण उठायचं? काही जणी रडतात, काही जणी 'आम्ही नाही का काढल्या रात्री?' म्हणून आणखी ताठ होतात. दोन्ही चालेल. वयाने त्यांना पहाटे जाग येतेच. पाच ते सातचं बाळ त्यांना दे, त्यांचं काम म्हणून. माहेरी सव्वा महिना शेक-शेगडी, मालिश, डिंकाचे लाडू झालेली मुलगी सासरी परतल्यावर ढासळते, हे मी फार पाहिलं आहे. माहेरी पहाटेचं बाळ आजीच्या मांडीवर असतं.

तू म्हणशील, बाई, सगळं झोपेवर कसं ढकलता? गोव्यात मातांवर झालेला, २००२ साली छापून आलेला अभ्यास तुला माहीत असेल. सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यामागे गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, मुलगा हवा असताना मुलगी होणं होतं. मला ते सगळं मान्य आहे. पण 'नवरा मारतो का?' असं पहिल्याच भेटीत विचारलंस तर काय उत्तर येतं? 'रात्री कोण उठतं?' म्हटल्यावर एक जण मला सहज बोलून गेली, 'मुलगी झाल्यापासून ते हॉलमध्येच झोपतात.' तिथून पुढे सगळं बाहेर आलं. आधी रात्रीचं विचार म्हणते ते उगाच नाही.

आणि तो कोर्स. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांतून गावातल्याच आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन आयांशी ठरावीक पद्धतीने बोलणं केलं. २००८ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनी त्यांच्या आयांत नैराश्य २३ टक्के, बाकीच्यांत ५३. त्यातल्या कुणाकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, पण त्या घरात जाऊन बसत होत्या. तू एकदा तरी त्या घरी गेलीस का?

आपल्याकडे आशाताई जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करतात, ताप बघतात. मला त्यात आईच्या झोपेचा एक प्रश्न घालून हवा होता. वॉर्डात रात्री बापाला बसू द्या, हेही मागितलं होतं. इतर बायकांची अडचण होते म्हणाले, ते खरंच होतं; मी म्हटलं पडदे लावा. पडद्यांना पैसे नव्हते. निवृत्त झाले तरी दोन्हीतलं काही झालं नाही, याची रुखरुख जात नाही. त्यामुळे तुझ्यावर जरा जास्तच बोलले असेन, तर बोलू दे.

या आठवड्यात डायरी मागू नकोस. नवऱ्याला बोलाव, कामावरून येता येत नसेल तर जेवणं झाल्यावर फोन कर. एडिंबराचे, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य तपासायचे, दहा प्रश्न तिला एकटीला बसवून विचार. दहावा, स्वतःला इजा करण्याचा, घाईत उरकू नकोस आणि सासूबाईंसमोर तर मुळीच विचारू नकोस. त्याला 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असोत. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये तुझ्यासमोर सेव्ह करून घे.

तुझी,
बाई